जावेसाठी थांबलेली रोवणी

आमच्या दवनीवाड्याच्या घरात रीत होती : रोवणीला धानाच्या पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, पहिली पेंडी मोठ्या सुनेनं बांधीत, भाताच्या खाचरात, लावायची, मगच बाकीच्या बायांनी चिखलात उतरायचं. मोठी सून म्हणजे माझी जाऊ. मी धाकटी, तोंडाची फटकळ. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. त्या साली पेंडी मला लावावी लागली, कारण जाऊ बाहेरची होती. अन् बाहेरची नव्हती तरी कधी?

जावेला पहिली पोर झाली अन् नंतर तिचं अंगावरून जाणं काही केल्या थांबेना. न्हाऊन घरात यायची, चूल पेटवायची, की पुन्हा लागायचं. लागलं की मागच्या पडवीत, अन् दिवस परत पहिल्यापासून मोजायचे. आमच्याकडे रक्त म्हणजे पाळी. दुसरं काही असू शकतं हे कोणाच्या डोक्यातच नव्हतं. तिची पोर आईकडे धावायची, तर चहूकडून एकच ओरड, शिवू नको. जाऊ हळदीसारखी पिवळी पडली. पाण्याचा गुंड उचलला की धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. सासू मनानं वाईट नव्हती, पण रीत म्हणजे रीत. एक दिवस माझा तोल सुटला. म्हटलं, ही अशानं मरेल, मग बसा रीत कवटाळून, चुलीत गेली तुमची रीत! दुसऱ्या सकाळी भासऱ्यांनी, म्हणजे जावेच्या नवऱ्यानं, मुकाट्यानं बैलबंडी जुंपली.

गोंदियाला सासूही आमच्याबरोबर आली. तिथली डॉक्टरीणबाई हिंदीत बोलायची. तिनं नीट तपासलं अन् आम्हांला समजेल असं सांगितलं. गर्भपिशवीच्या अस्तरातून एक मऊ गाठ वाढली होती, मोहाच्या फुलाएवढी, देठाला लोंबलेली. तिच्यामुळे मधेच रक्त जातं, पाळीतही जास्त जातं, बाई अशक्त होते, कधीकधी दिवस राहत नाहीत. अशी गाठ बहुतेक वेळा घातकी नसते, तरी काढून नागपूरला तपासायला पाठवायची. मग ती सासूकडे वळली.

"माँजी, यह महीना नहीं है. बीमारी है."

पाळी नाही? सासूनं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. जाऊ खाटेवर उठून बसली.

"मंग मी एवढे दिवस बाहेर कायले बसून राहिली?"

सासू पदराचं टोक पिळत राहिली. मला मात्र तिथंच नाचावंसं वाटत होतं. रोगाला नाव मिळालं होतं, म्हणजे उपायही असणार!

गाठ काढली. नागपूरहून निरोप आला की काळजीचं कारण नाही. डॉक्टरणीनं लोहाच्या गोळ्या दिल्या अन् बजावलं, आता पाळी वेळेवर येईल आणि वेळेवर थांबेल. थांबली नाही तर मात्र लगेच या. पुढच्या पावसाळ्यापर्यंत जावेच्या गालावर लाली आली. पेंडी लावणारीला आधी कुंकू लावायचं, त्याचं ताट मीच तिच्यासाठी घासून ठेवलं.

अन् नेमकं रोवणीच्या सकाळी तिला लागलं. माझ्याजवळ येऊन तिनं हळूच सांगितलं. पाळी की पुन्हा गाठ? ती पडवीत जाऊन बसली. सासू ताट घेऊन माझ्याकडे आली असती तर मी ते भिरकावलंच असतं. पण ती गेली धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जमलेल्या बायांकडे.

"पऱ्हे उपटू नोका. मोठी आली का लावू."

शेजारच्या बांध्या हिरव्या झाल्या, आमच्यात नुसता चिखल. लोक हसले. सासूनं ढुंकूनही पाहिलं नाही. मी रोज पडवीच्या दाराशी जायची, अन् जाऊ मान हलवायची, अजून नाही. एका सकाळी विचारायच्या आधीच ती रडत हसली. थांबलं होतं, अगं बाई, खरंच थांबलं होतं!

ती न्हाली. सासूनं स्वतःच्या हातानं तिला कुंकू लावलं. जावेनं पहिली पेंडी सोडली, वाकून रोपं लावली, अन् तेवढ्यात तिची पोर धुऱ्यावरून धावत आली आणि चिखलासकट तिच्या कमरेला बिलगली. शिवू नको, असं कोणी म्हटलं नाही.