पंपवालीचा प्रश्न

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात ती हिशेबनीस म्हणून लागली होती. पुढे कारखान्यात संगणक आला. तो चालवायला कुणी पुढे येईना, म्हणून तो तिच्या गळ्यात पडला. गंमत अशी की ही गळ्यातली धोंड तिला आवडायला लागली. पुस्तकं मागवून ती प्रोग्राम लिहायला शिकली. आधी पगारपत्रक झालं, मग मालाचा साठा. मग एके दिवशी साहेब कुठल्याशा प्रदर्शनाहून परतले ते डोक्यात भुंगा घेऊनच. तिथं त्यांनी एक ‘तज्ज्ञ प्रणाली’ पाहिली होती. एखाद्या जाणत्या माणसाचं शहाणपण नियमांत उतरवायचं, ते नियम यंत्रात भरायचे, की यंत्र त्या माणसासारखा सल्ला देतं.

“आपल्या फोरमनचं डोकं मशीनमध्ये उतरवा,” साहेब म्हणाले.

फोरमन निवृत्तीला आलेला. त्याची काही हरकत नव्हती. “उतरवा ताई. मलाही जरा हलकं वाटेल.”

मग ती रोज दुपारी त्याच्यासमोर बसायला लागली. पंप पाणी ओढत नसेल तर आधी काय बघता, असं तिनं विचारलं की तो म्हणायचा, “आधी मालकाचा चेहरा बघतो. पंप कोरडा चालवला असेल तर तो नजर चुकवतो.” आता याचा नियम कसा करायचा? तरी खोदून खोदून तिनं बरंच काढलं. पंप फिरतोय पण पाणी नाही, तर फूटव्हॉल्व बघा. विहिरीच्या तळाशी नळीच्या टोकाला असतो तो, त्यात कचरा अडकतो. घरघर येतेय आणि हात लावला की चटका बसतोय, तर बेअरिंग. दांड्याजवळून गळतंय, तर सील. असे शेकड्यांनी ‘जर’ आणि ‘तर’ तिनं यंत्राला खाऊ घातले.

अडलं की विचारायला तिची एक जागा होती. कारखान्यात फोनच्या तारेला मोडेम जोडलेला होता, आणि त्यावरून ती एका मेलिंग लिस्टवर जायची. गावोगावचे लोक त्या लिस्टवर होते: कुणी विद्यापीठातला, कुणी बँकेतला, एक तर मिठागरातला. सगळ्यांना एकच नाद, यंत्राला विचार करायला शिकवायचा. एकानं प्रश्न टाकला की सगळ्यांना दिसायचा आणि सकाळपर्यंत उत्तरं जमायची. खरी नावं कुणी वापरत नसे. ती स्वतः ‘पंपवाली’ झाली. घुबड नावाचा विद्यापीठात शिकवणारा एक जण होता, दोन ओळींच्या वर कधी लिहायचा नाही. ‘कंस’ नावाचा आणखी एक जण दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये लिहायचा राहिलेला कंस हमखास शोधून काढायचा, म्हणून त्याचं ते नाव. आणि आजोबा. यंत्रं खोलीएवढी होती तेव्हापासून ते या विषयात होते. “आमच्या वेळी यंत्र चुकलं की निदान धूर तरी यायचा,” असं ते लिहायचे.

प्रोग्राम तयार झाला तेव्हा साहेबांनी विक्रेत्यांना बोलावून तो दाखवला. सगळं झकास चाललं होतं. साहेबांना त्या दिवशी सर्दी झालेली, आवाज बसलेला. एक विक्रेता थट्टेनं म्हणाला, “साहेबांचीच लक्षणं घाला की. गरम होतात, घरघर करतात, गळतातही.” तिनं घातली. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली : सील बदला, खात्री नव्वद टक्के. सगळे पोट धरधरून हसले. तीही हसली.

माणसं पांगल्यावर मात्र ती पुन्हा यंत्रासमोर बसली. या वेळी तिनं एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. नुसती बटणं दाबत पुढे गेली. यंत्रानं शेवटी सांगितलं, बेअरिंग झिजलं आहे.

ना पंप, ना लक्षण, आणि बेअरिंग झिजलं आहे. तिनं लिस्टवर लिहिलं : “माझा प्रोग्राम कशालाही उत्तर देतो. आपल्याला हे माहीत नाही, हे त्याला कसं शिकवायचं?”

घुबडाचं उत्तर आलं : “खात्रीची किमान मर्यादा ठेवा. त्याखाली गप्प.” कंसानं विचारलं : “आपल्याला माहीत नाही हे तुम्हाला स्वतःला कसं कळतं? ते सांगा, मग प्रोग्राम मी लिहून देते.” त्या ‘देते’वरून कंस ही बाई आहे हे तिला प्रथमच कळलं. आजोबांनी धुराचा विषय काढला नाही, एवढंच लिहिलं : “हा प्रश्न आम्हीही विचारला होता. मग जेवायची वेळ झाली.”

ती घरी आली ती हाच गुंता डोक्यात घेऊन.

घरी नवरा होता, शाळेत चित्रकला शिकवणारा, आणि सासरे होते. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. ते तारमास्तर होते. टकटक ऐकून समोर शब्द उतरवणारे, आयुष्यभर दुसऱ्यांची सुखदुःखं पोचवलेले. अलीकडे त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. कुठलीही गोष्ट विचारा, उत्तर तयार. चष्मा कुठाय? “शेजारच्यांनी नेलाय, उद्या देतील.” आणि चष्मा डोळ्यांवर. सकाळी काय खाल्लं? “आज आपल्याकडे पाहुणे होते ना, त्यांच्याबरोबर बसलो.” पाहुणे कुणीच नव्हते. नवरा चिडायचा. “अण्णा, खोटं कशाला बोलता?” अण्णांचा चेहरा पडायचा. आपलं काय चुकलं तेच त्यांना कळायचं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, “ते खोटं बोलत नाहीत. आठवणीत भोक पडलं की मन ते भरून काढतं, आणि भरलंय हे त्यांना समजत नाही. आपल्याला माहीत नाही, हेच त्यांना माहीत नाही.”

नवरा मान हलवत राहिला. डॉक्टरीणबाईंनी तिला दोनदा विचारलं, “तुम्हाला काही विचारायचंय का?” विचारायचं पुष्कळ होतं, पण ते इथं विचारायचं होतं की लिस्टवर, हेच तिला उमजेना.

हेही तिनं लिस्टवर लिहिलं. घुबड म्हणालं : “माणूस आणि प्रोग्राम यांची गल्लत करू नका.” बरोबरच होतं. मिठागरवाल्यानं, जो कधीच काही लिहीत नसे, एक ओळ लिहिली : “माझी आईसुद्धा.”

तिनं घुबडाचं ऐकून खात्रीची मर्यादा घातली. झालं, आगीतून फुफाट्यात. यंत्र आता सरसकट ‘माहीत नाही’ म्हणायला लागलं. फोरमननं स्वतः लक्षणं घालून पाहिली आणि म्हणाला, “ताई, हे तर माझ्या धाकट्या भावासारखं झालं. काम सांगितलं की ठाऊक नाही.” साहेबांचा पारा चढला. मर्यादा खाली आणली की यंत्र बरळायचं, वर नेली की मूग गिळायचं. मधली जागा सापडता सापडेना. याच सुमारास अण्णांना ताप आला म्हणून ती रजेवर गेली.

त्या रजेतच ते घडलं. ती औषधं आणायला बाहेर पडली होती. कारखान्यातून फोन आला. एका सूतगिरणीचा पंप बंद पडला होता, फोरमन गावाला, आणि यंत्र म्हणत होतं, माहीत नाही. फोन उचलला अण्णांनी. पलीकडच्या तंत्रज्ञाला वाटलं, ताईंच्या घरचं कुणी जाणतं माणूस असेल. त्यानं लक्षणं सांगितली. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतली आणि तारमास्तरांच्या त्या ठाम आवाजात म्हणाले, “फूटव्हॉल्व काढून बघा. खाली चिंधी अडकलीय.”

त्यांनी काढून बघितला. चिंधी अडकलेली होती.

तंत्रज्ञानं दुसऱ्या दिवशी आभाराचा फोन केला तेव्हा तिला हे कळलं. “तुमचे सासरे पंपातले का हो?” तो विचारत होता. “ते तारखात्यात होते,” ती म्हणाली.

आता सांगा, अण्णांना माहीत होतं का? रात्री घरी नियम लिहिताना ती ते मोठ्यानं म्हणायची आणि अण्णा कोपऱ्यात बसलेले असायचे. कानावर पडलं असेल. तसंच असणार, ती मनाशी म्हणाली. मग तिनं हळूच परीक्षा घेतली.

“अण्णा, दाराची घंटा वाजत नाही.”

“फूटव्हॉल्व बघ.”

“शेजारची मुलगी दोन दिवस खोकतेय.”

“फूटव्हॉल्व असेल.”

ती हसायला लागली. म्हणजे हा अंधारात मारलेला दगड होता, लागला इतकंच. मग जाता जाता तिनं विचारलं, “आणि पंप घरघरतोय, हात लावला तर चटका बसतोय?”

अण्णांनी तिच्याकडे वर बघितलं. “बेअरिंग,” ते म्हणाले. “फोरमनला विचारून घे. मी काही पंपातला नाही.”

तिचं हसू गेलं. मी काही पंपातला नाही, हे त्यांनी जाणून म्हटलं की तेही असंच भरून काढलं? तिनं आणखी विचारलं तर ते पाहुण्यांच्या गोष्टी सांगायला लागले.

लिस्टवर तिनं सगळं जसंच्या तसं मांडलं आणि विचारलं, हे उत्तर कुठल्या खात्यात घालू? आठवडाभर रणधुमाळी चालली. घुबडाचं मत, उत्तर बरोबर आलं म्हणजे माहीत होतंच असं नाही. कंस म्हणाली, “मग तुमच्या विद्यार्थ्यांना गुण कशाचे देता?” घुबड पहिल्यांदाच दहा ओळी लिहून बसलं. आजोबांनी शेवटी लिहिलं, “पंपवाले, चाळीस वर्षं या वाटेवर आहे. मला वाटतं तुझ्या सासऱ्यांना माहीत होतं. मला असंही वाटतं की नव्हतं. दोन्ही वाटतं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.”

तिला त्यानं ना आधार मिळाला ना उत्तर, पण त्या रात्री तिला झोप लागली.

पुढे पावसाळा सरता सरता अण्णा आणखी खचले. गोष्टी रचणंही थांबत आलं. एका सकाळी ती त्यांच्या शर्टाची बटणं लावत होती. ते तिच्या तोंडाकडे निरखून बघत होते.

“कोण गं तू?”

“तुम्हीच सांगा ना अण्णा.”

तिला वाटलं ते म्हणतील बहीण, म्हणतील पाहुणी, शेजारीण. काहीतरी म्हणतीलच.

“मला माहीत नाही,” अण्णा म्हणाले. अगदी साधेपणानं.

यंत्राकडून जे दोन शब्द काढायला तिनं वर्ष घालवलं, ते असे समोर आले आणि तिला ते नको झाले. तिनं बटण लावलं. “मी तुमची सून,” ती म्हणाली. “असं का,” म्हणून त्यांनी मान हलवली, आणि बरं वाटल्यासारखे खिडकीकडे बघत बसले. हिवाळ्यात ते गेले.

प्रोग्रामचं म्हणाल तर तिनं शेवटी मर्यादेचा नाद सोडला. यंत्र उत्तर द्यायचं आणि त्याखाली कोणत्या लक्षणांवरून हे वाटलं ते दाखवायचं. लक्षणं फारच थोडी असली तर ‘माणसाला विचारा’ एवढंच लिहायचं. हे बरोबर की पळवाट, तिला कधी ठरवता आलं नाही. साहेब खूश होते. तीनेक वर्षं ते चाललं. मग पंपांची बनावट बदलली, फोरमनचे नियम जुने झाले आणि नवे नियम सांगायला फोरमन नव्हता.

आजोबा लिहीनासे झाले. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्यांचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं. लिस्ट विरत गेली. कंसाशी मात्र तिचं लिहिणं टिकलं, आणि बऱ्याच वर्षांनी त्या दोघी एका चहाच्या दुकानात भेटल्या. कंस निघाली एका मुलींच्या शाळेतली गणिताची बाई, ठेंगणी, काठी टेकत येणारी. एवढी वर्षं एकमेकींच्या डोक्यात राहिलेल्या त्या दोघींना समोरासमोर काय बोलावं कळेना. मग गुडघ्यांचा विषय निघाला आणि तो चांगला तासभर पुरला.

निघताना कंसानं विचारलं, “आजकाल तर यंत्रं घडाघडा बोलतात म्हणे. तुमच्या त्या प्रश्नाचं काय झालं? आपल्याला माहीत नाही, हे कळतं का त्यांना?”

पंपवालीनं पिशवी खांद्याला लावली.

“बघू,” ती म्हणाली. “तुमची बस कुठून आहे?”