मावशी आणि टर्बोचा पाईप

मावशी गाडीत गाणी लावू देत नसे. रेडिओकडे कुणाचा हात गेला, की रस्त्यावरची नजर न हलवता म्हणायची, "इंजिन बोलतंय ना, ते ऐक." आम्हाला फक्त घरघर ऐकू यायची. तिला मात्र त्यातला किंचितसा बदलही कळायचा.

मावशी लालबागला चाळीत राहायची. काका टुरिस्ट गाडी चालवायचे. ते गेल्यावर जो तो तिला गाडी विकायचा सल्ला द्यायला आला. तिने सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तेव्हा तिने पंचेचाळिशी ओलांडली होती. सुरुवातीला शीवचं सर्कल आलं की तिचे ओठ घट्ट मिटायचे, पण ते टाळायला तिने कधी दुसरा रस्ता धरला नाही. "भीती वाटते तिथूनच रोज जायचं गो," ती मला म्हणायची, "मग एक दिवस विसरायला होतं."

भायखळ्याची रोझीआंटी तिची शाळेपासूनची मैत्रीण. आंटीला घशाचा कॅन्सर निघाला. परळच्या इस्पितळात रविवार सोडून रोज रेडिएशन, आमच्याकडे शेक म्हणतात ते. डॉक्टरांनी बजावलं होतं, मधे खाडा नको. आंटीचा मुलगा आखातात. तो फोनवर टॅक्सीचं बोलायला लागला तेव्हा मावशीने त्याला मधेच थांबवलं. "तुझी आई माझ्या गाडीतून जाईल. तू तिकडे नीट जेव." माझी ड्यूटी दुपारची, म्हणून सकाळी आंटीला धरून मी मागे बसायचे.

दुसऱ्या आठवड्यात लालबागच्या पुलावर गाडीतून फुस्स आवाज आला, मागे काळा धूर सुटला आणि गाडी ओढेचना. कसंबसं इस्पितळ गाठलं. आंटी आत गेल्यावर मावशीने बॉनेट उघडलं. इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो असतो, त्याचा जाड रबरी पाईप तोंडाशी निसटला होता. संध्याकाळी ती भायखळ्याच्या गॅरेजला गेली. मिस्त्रीने पाईप बसवला, वरची पट्टी आवळली. "झालं मावशी, आता बिनधास्त जा."

तीन दिवसांनी पाईप पुन्हा निसटला, तोही त्याच पुलावर. आंटी डोळे मिटून माझ्या खांद्यावर टेकली होती. मागून हॉर्न वाजत होते. मी म्हटलं, "मावशी, टॅक्सी बघते."

"बघ. आणि हिला घेऊन पुढे हो. शेकाची वेळ चुकता कामा नये. मी येते."

टॅक्सी मिळाली, आम्ही वेळेवर पोचलो. आंटीचा शेक आटोपून बाहेर आलो तर फाटकाशी गाडी उभी. मावशीच्या हाताला काळं लागलेलं, मनगटावर चटक्याचा लाल पट्टा. पाईप आतून तेलकट झाला होता, म्हणून सरकत होता. इंजिन जरा निवल्यावर तिने पाईप आणि तो जिच्यावर बसतो त्या धातूच्या नळीचं तोंड फडक्याने कोरडं पुसलं, पाईप नळीवरच्या उंचवट्याच्या पलीकडे दाबून बसवला आणि पट्टी त्या उंचवट्यामागे घेऊन आवळली.

"आता पक्का बसला ना?" मी विचारलं.

"बसला. पण नुसत्या तेलाने दोनदा निसटेल? खरं कारण कुठे कळलंय?"

आंटीला घरी सोडून ती मला घेऊन परत गॅरेजला गेली. मिस्त्री म्हणाला, "पाईपच नवा टाकू या." मावशी गाडीसमोरून हलली नाही. "टाक. पण आधी इंजिन चालू कर आणि रेस दे. मला बघू दे." त्याने रेस दिली तसं अख्खं इंजिन एका अंगाला उसळलं आणि पाईप ताणला गेला. मिस्त्री खाली उतरला. दोघांनी वाकून टॉर्च मारला. इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं, त्यातला एक फाटला होता. "इंजिनच हलतंय, मग पाईप काय करणार," तो स्वतःशीच बोलला. त्याने आधार बदलला, पाईप नवा घातला. मग तिघं मिळून पुलावरून दोन फेऱ्या मारून आलो. मावशी कान लावून बसली होती. उतरताना एवढंच म्हणाली, "आता कसा, घसा मोकळा झाला."

आंटीचे सगळे शेक वेळेवर झाले. हळूहळू ती भात खायला लागली. आवाज मात्र कायमचा बसका राहिला. त्या आवाजातही ती मावशीला गाडी हळू चालव म्हणून ओरडायची.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मावशी झोपेतून उठलीच नाही. आधी काही दुखणं नाही, तक्रार नाही. रोझीआंटी काठी टेकत जिने चढून आली आणि मावशीच्या उशाशी बसली. बराच वेळ तिने मावशीच्या मनगटावरून अंगठा फिरवला. मग त्या बसक्या आवाजात म्हणाली, "मला एक दिवस सुटी घेऊ दिली नाहीस. स्वतः मात्र न सांगता गेलीस होय गो?"