नाकदादांची टकटक

माझ्या सासऱ्यांना तेलाच्या विहिरींवर कोणी नावाने ओळखत नाही. सगळे नाकदादा म्हणतात. वायू कुठे गळतोय हे यंत्राच्या आधी यांच्या नाकाला कळायचं, आणि ते खोटं नव्हतं. विहिरीच्या तोंडाशी माणूसभर खोल सिमेंटचा खड्डा असतो, खाली झडपा असतात. कोणी उतरण्याआधी सासरे काठावर गुडघे टेकून हुंगायचे आणि पान्याने शिडीवर ठोकायचे. टकटक झाली की माणसं डोळे मिटून उतरायची. घरीही तेच. भाजीत मीठ कमी पडलंय हे म्हणे त्यांना वासावरून कळायचं. स्वयंपाक माझ्याकडे, त्यामुळे या कौतुकात मी कधी सामील झाले नाही.

पण या विहिरीने माझी झोप उडवली. इथला खडक इतका घट्ट की तेल आत असून बाहेर येईना. म्हणून कंपनीने वरून कार्बन डायऑक्साइड दाबून भरला आणि विहीर बंद करून ठेवली. वायू तेलात मुरतो, तेल फुगतं, पातळ होतं, मग तोंड उघडलं की वाहू लागतं. दाबाच्या काट्यावर नजर ठेवायचं काम माझं. केबिनमध्ये काट्यासमोर बसायचे आणि डोक्यात एकच: या वायूला वास नाही. हवेहून जड, खड्ड्यात पाण्यासारखा साचून बसतो. आणि झडपा आवळायला उतरणारा फिटर म्हणजे माझा नवरा.

इंजिनीअरबाईंनी प्रत्येकाला मीटर दिलं होतं. दोरीला बांधून खाली सोडायचं, वायू असला तर ते किंचाळतं. माणसांनी ती मुकाट्याने घेतली आणि खुंटीला टांगली. दादांसमोर मीटर सोडायचं म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा.

"तू तरी सोड," मी नवऱ्याला म्हणाले.

"बाबांच्या देखत? चारचौघांत त्यांचं नाक कापू?"

"नाक कापलेलं परवडलं. तू गेलास तर मी काय करू?"

तो हसला. मला रडू येत होतं आणि हा हसला, याचा राग अजून गेलेला नाही.

विहीर उघडायच्या सकाळी काटा भरभर खाली आला. वायू मुरताना दाब रोज थोडा उतरतोच, पण हा उतार वेगळा होता. इंजिनीअरबाईंना फोन लावला, त्या वाटेत होत्या. "मी येईपर्यंत कोणाला उतरू देऊ नका," एवढंच म्हणाल्या. खुंटीवरचं मीटर ओढून मी धावत सुटले.

सासरे काठावर गुडघे टेकून बसले होते. नवरा शिडीपाशी तयार.

"बाबा, कुठेतरी गळतंय. दाब पडलाय."

"वास नाही."

"त्याला वास नसतोच."

माणसं जमिनीकडे बघू लागली. सासऱ्यांचे कान लाल झाले. "माझ्या नाकाने आजवर कोणाला दगा दिलाय?"

"नाही दिला. म्हणूनच भीती वाटते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाना उचलला आणि शिडीवर ठोकलं, नेहमीपेक्षा जोरात. नवरा एक पायरी उतरला, मग दुसरी. मी मीटरची दोरी सोडवत होते, पण गाठ घट्ट बसली होती, सुटेना. नवऱ्याचे खांदे काठाच्या पातळीला आले तेव्हा सासरे एकदम पुढे झुकले आणि दोन्ही हातांनी त्याची कॉलर धरली. पाना खड्ड्यात पडला.

"थांब," ते म्हणाले. "मला काही कळत नाहीये. खरंच काही कळत नाहीये." मग माझ्याकडे वळून, "तू सोड ते."

गाठ सुटली. मीटर नवऱ्याच्या बुटांच्या जरा खाली गेलं आणि किंचाळायला लागलं. सासऱ्यांनी त्याला अक्षरशः ओढून वर घेतलं.

इंजिनीअरबाई आल्या, सगळ्यांना वारा येत होता त्या बाजूला लांब नेलं. बाकीचे हळूहळू बोलायला लागले, कोणी पाणी आणलं. सासरे मातीत बसले होते, मुलगा शेजारी, आणि कॉलर अजून मुठीत.

"बाबा, सोडा आता," नवरा म्हणाला. "शर्ट फाटेल."

"मी ठोकलं होतं," ते म्हणाले. "उतर म्हणून मीच ठोकलं होतं."

कॉलर त्यांनी सोडली नाही.