दाराबाहेर बसवलेला इसम

“सदर माळी इसम आमची पिशवी सांभाळीत दाराबाहेर बसत असे. त्याने आमच्यासोबत अन्नग्रहण केले नाही.”

बापूनं हे मोठ्यानं वाचलं आणि टाक माझ्यापुढे धरला. “कर सही.”

सदर माळी इसम म्हणजे मी. तेल्हाऱ्याच्या मळेवाल्याचा मुलगा, अकोल्याच्या शाळेत गणित शिकवणारा, दोन लेकरांचा बाप. बापू जठारपेठेतला वकील. अमरावतीच्या शाळेत चार वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. आता त्याच्या ओसरीत त्याचे काका झोपाळ्यावर होते, बापू खुर्चीवर. मला गोणपाट टाकून दिलं होतं. त्या घरी मी पहिल्यापासून गोणपाटावरच बसायचो. बापू म्हणायचा, “म्हातारे आहेत तोवर चालवून घे. बाहेर आपण एक.” मी चालवून घेतलं. बावीस वर्षं. ती चूक माझी.

बाहेर मात्र आम्ही एक होतो, असं मी धरून चाललो. कापसामुळे अकोल्यात सगळी दुनिया उतरली होती आणि प्रत्येकानं आपली चूल सोबत आणली होती. बापूनंच टूम काढली. महिन्यातला एक रविवार, परमुलखाचं जेवण. स्टेशनजवळच्या इराण्याकडे पाव आणि आम्लेट. मद्राशाकडे इडली. बडनेऱ्याला जाऊन गोवेकर खानसाम्याच्या हातचं सुरीकाट्यानं खाल्लं. बापूचा बटाटा उडून शेजारच्या साहेबाच्या बुटाशी गेला. अकरा रविवार, सहा ठिकाणं. एकाही ठिकाणी मी दाराबाहेर नव्हतो.

बोहऱ्याच्या खाणावळीत ताटं वेगळी नसतात. मधे एक मोठा थाळा, भोवती सगळे. आधी प्रत्येकाच्या जिभेवर मिठाची चिमूट. मीच तिथं बिचकलो होतो. बापूनं थाळ्यात पहिला हात घातला आणि माझी बाही ओढली. “बस रे. आज तुही जात अन् माही जात या थाळ्यात बुडाली.” त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला हे तीनदा सांगितलं.

मग कुणीतरी आम्हाला त्या खाणावळीपाशी पाहिलं. बापूच्या पोरीचं लग्न ठरत होतं. त्याच्या जातीच्या मंडळींनी पंगतीला यायचं नाकारलं.

काका झोपाळा थांबवून म्हणाले, “इराण्याच्या चहाले प्रायश्चित्त सोपं आहे, मास्तर. तुमच्यासंगं एका थाळ्यात जेवला असं ठरलं, तर आमची पंगत उठते. सोबत होते तुमी. तुमचीच साक्ष लागते.”

मी बापूकडे पाहिलं. “मी कधी बाहेर बसलो रे?”

“अरे, कागदच तर आहे. तुले काय फरक पडते? माह्या पोरीचं अडून राहिलं.”

“बोहऱ्याकडे थाळ्यात पहिला हात कोनाचा होता?”

बापूनं काकांकडे पाहिलं. मग कागदाकडे.

“आठवत नाही,” तो म्हणाला.

दोन शब्द. बाकी सगळं मी पचवलं असतं. भीती मला कळते, पोरीचा बाप मीही आहे. पण त्यानं मला आधी मनातून दाराबाहेर काढलं होतं, कागदावर नंतर. कदाचित बाही ओढतानाही त्याला मी सोबती म्हणून नको होतो. स्वतःचं धाडस पाहायला कुणीतरी हवं होतं, एवढंच.

काका म्हणाले, “शाळेच्या कमिटीत आमची माणसं आहेत, मास्तर. इचार करा.”

मी टाक घेतला. बापूचा चेहरा सैल झाला. त्यानं लिहिलेलं सगळं मी आडव्या रेघेनं खोडलं आणि खाली लिहिलं : ‘मी टेबलाशी बसलो. मी थाळ्यात जेवलो. वकीलसाहेब माझ्या उजव्या हाताला होते.’ त्याखाली पूर्ण नावानिशी सही केली.

“हे काय करून राहिला तू?” बापू ओरडला. “पोरीचं वाटोळं करतं काय?”

त्यानं कागद फाडला. मी गोणपाटावरून उठलो आणि चपला घातल्या.

त्या पोरीचं लग्न मोडावं असं मला कधीच वाटलं नाही. मी स्वतःहून कुणाकडे गेलो नाही, जाणारही नाही. पण विचारील त्याला खरं तेच सांगेन, मग ते जातीचे पंच असोत की शाळेची कमिटी. नोकरी गेली तर मळा खुरपीन. मी कुठे बसलो होतो, ते माझ्या वतीनं यापुढे कुणी लिहायचं नाही. आणि ज्या घरात मला खाली बसवतात, त्या घराची पायरी मी चढणार नाही. माझी लेकरंही चढणार नाहीत.