वन्संची खटपट

मी एकदा पोटच्या पोरीचे आठ लाडू चोरले. चोरी भर दुपारी केली, नेरूळमध्ये, सख्ख्या नणंदेच्या स्वयंपाकघरात, आणि चोरलेला माल भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीखाली लपवला. आता नात विचारते, "आजी, तू लहानपणी कोणती मोठी खोडी केलीस?" तेव्हा मी तिला खरं ते सांगते, की बाळा, लहानपणी मी फार गुणी होते, माझी सगळ्यात मोठी खोडी मी चौतिसाव्या वर्षी केली. त्या वयात मी अतिशय शहाणी होते. इतकं शहाणपण पुढे मला कधीच झेपलं नाही.

पण चोरीआधी थोरल्या वन्सं सांगायला हव्यात. साऱ्या नव्या मुंबईत मोठमोठ्या माणसांना शनिवारी दुपारी हात पाठीमागे घेऊन उभं करणारी बाई एकच होती, आणि ती नेमकी माझ्या नशिबी नणंद म्हणून आली होती. वन्सं बावीस वर्षं टेलिफोनच्या ट्रंक बुकिंगवर परगावचे कॉल जोडून देत होत्या, तीन-तीन मिनिटांचे. पुढे लोक पिवळ्या बूथमधून स्वतःच नंबर फिरवायला लागले, तशी त्यांची खुर्ची उठली आणि त्या मुदतीआधीच घरी बसल्या. घरी बसल्या म्हणजे काय, तर ऑफिसच घरी घेऊन आल्या. आमच्याच बिल्डिंगीत तळमजल्यावर त्यांचं घर, तिसऱ्यावर आमचं. सोसायटीतल्या कुणाचंही नाव त्यांच्या तोंडी नसे, घराचा नंबर असे. "बी-चारची मुलगी पास झाली." "ए-अकरांना सांग, नळ गळतोय." चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, पण आवाज एकदा ऐकला की कायमचा. दारावरची बेल वाजली तर उघडण्याआधी आतून हुकूम येई, "बोला!" माझा घसा बसला होता तेव्हा मी काढ्याची वाटी घेऊन त्यांच्या दाराबाहेर दहा मिनिटं उभी होते, आणि आतून त्या प्रेमाने सांगत होत्या, "आवाज पोचत नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा."

अशा बाईने मुलांसाठी काही करायचं ठरवलं, तेही स्वतःच्याच पद्धतीने. गिरगावातून, परळमधून, कुठून कुठून उठून आलेली आम्ही माणसं. इमारती नव्या, झाडं गुडघ्याएवढी, आणि मुलं दुपारभर दारात उभी राहून एकमेकांकडे लांबून बघत असत. वन्सं म्हणाल्या, "लाईनी आहेत, जोडून द्यायला कुणी नाही." आणि त्यांनी एक शनिवार सोडून एक शनिवार सुरू केली 'खटपट'. नाव त्यांचंच. एक मूल आणि त्याच्यासोबत एक मोठं माणूस यायचं, आणि मुलाने खाऊ करायचा. भेळ, दडपे पोहे, काकडीची कोशिंबीर, चटणीचं सँडविच, असलं साधं. मोठ्या माणसाने मूल सांगेल तेवढंच करायचं, एरवी हात पाठीमागे. सल्ला द्यायला एकूण तीन मिनिटं. एखादी आई "अगं मीठ, अगं हळू, अगं सांडेल" करायला लागली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत वन्सं ऑफिसच्या आवाजात म्हणत, "तीन मिनिटं झाली. कॉल वाढवून मिळणार नाही." आणि जे बिघडेल ते टाकायचं नाही. ज्याने बिघडवलं त्याच्याबरोबरच्या मोठ्या माणसाने ते निमूट खायचं.

ज्यांचे हात पाठीमागे राहतच नसत, त्यांच्यासाठी एक स्टीलचं पातेलं ठेवलेलं असे. "शिवशिवतात ना? घ्या, लसूण सोला." खटपट चालली त्या दोन वर्षांत सोसायटीतला निम्मा लसूण मी सोलला. माझ्या बोटांना इतका वास येई की आमचे हे मला पेपरसुद्धा लांबूनच देत. सी विंगमध्ये साताऱ्याकडचे एक गृहस्थ होते, कांदाबटाट्याच्या बाजारात नोकरीला, मिशा अशा की लिंबू ठरावं. बायकोला बरं नव्हतं म्हणून ते एकदा मुलाला घेऊन आले आणि दारातच म्हणाले, "बाई, आमच्यात बाप्ये चुलीकडं बघत न्हाईत."

"मग बघू नका," वन्सं म्हणाल्या. "पाठ करून उभे राहा आणि मुलगा सांगेल तशी काकडी किसा."

सहा वर्षांचा मुलगा "बाबा, अजून बारीक! बाबा, बोट सांभाळा!" म्हणून ओरडत होता आणि मिशा मुकाट्याने किसत होत्या. पुढच्या खेपेला बायको ठणठणीत होती, तरी हेच आले. येताना स्वतःची किसणी घेऊन आले.

माझी मुग्धा तेव्हा सात वर्षांची. गिरगावात चाळभर हुंदडणारी पोर नेरूळला आल्यावर गप्पच झाली. शाळेतून यायची आणि खिडकीच्या गजाला नाक लावून खालची मुलं बघायची. "जा ना खाली," म्हटलं की म्हणायची, "मला कुठे बोलावलंय?" खटपटीत ती काम करायची, पण मान खाली घालून, एक शब्द न बोलता. तिची भेळ ओली व्हायची, सँडविच फाटायचं. एकदा शेजारची एक बाई हसून म्हणाली, "मुग्धाला जरा कमीच उरक आहे, नाही?" मला ते इतकं लागलं की रात्रीची भाजी मी दोनदा खारट केली. माझं शहाणपण त्या क्षणी जागं झालं. मी ठरवलं, माझ्या पोरीचं एकदा तरी सगळ्यांसमोर नाव झालंच पाहिजे. तिला एखादी मैत्रीण मिळाली पाहिजे, हे मला सुचायला हवं होतं. सुचलं ते हे.

पुढच्या शनिवारी शेंगदाण्याच्या कुटाचे लाडू होते. घरातलीच असल्यामुळे बेत मला आधी कळे. मी सकाळी दार लावून आठ लाडू वळले. थोडं तूप, वेलची, वरून भाजलेल्या खसखशीत घोळवलेले, आणि एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे एकसारखे. मुग्धा मधेच बाहेरून दार वाजवून म्हणाली, "आई, मूठभर बेदाणे दे." मी फटीतून, न बघताच दिले, वाटलं, खात असेल. लाडवांचा डबा पिशवीत, वर कोथिंबीर, आणि मी आज्ञाधारक आईसारखी खाली गेले.

त्या दिवशी नऊ मुलं होती. आमच्याकडे भाजी घेऊन येणारी जवळच्या गावातली आगरी मावशीही नातीला घेऊन आली होती. प्रत्येकाने इतर आठांसाठी एकेक लाडू करायचा होता. मुग्धा सगळ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली आणि कितीतरी वेळ वळत राहिली. मी मान उंचावून बघितलं, तर लाडू म्हणजे मुठीत दाबलेली वाळू. दोन तर बघता बघता बसले. मुलं हात धुवायला मोरीकडे पळाली, त्यांच्यामागे मोठी माणसंही गेली, वन्सं चहाचं आधण ठेवायला ओट्याकडे वळल्या, आणि मी ताटलीतले आठ लाडू डब्यात आणि डब्यातले आठ ताटलीत केले. इतक्या चपळाईने मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

मुलं परत आली. मुग्धाने ताटली उचलली, जरा थबकली, लाडवांकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडते. पण तिच्या डोक्यात काही वेगळंच होतं. ती पाटावर चढली आणि गिरगावातल्या जुन्या आवाजात, अगदी मोठ्याने म्हणाली, "माझ्या लाडवात ज्याला बेदाणा सापडेल ना, त्यानं उद्या माझ्याकडे खेळायला यायचं!"

एवढं मोठं वाक्य ती नेरूळमध्ये पहिल्यांदाच बोलत होती. मला भरून आलं. आणि दुसऱ्याच क्षणी सकाळी दिलेली बेदाण्यांची मूठ आठवली.

मुलांनी लाडू दातांनी फोडले. "मला नाही." "मला पण नाही." "माझ्यात नाहीये." एकेक करत आठही जणांनी अर्धे लाडू पुढे केले. सुंदर, घट्ट, खसखस लावलेले, आणि आत कुठे औषधालाही बेदाणा नाही.

"मी घातला होता," मुग्धा म्हणाली. "खरंच घातला होता."

"थापा!" मिशांचा मुलगा म्हणाला. "हिला कुणी यायलाच नकोय."

मुग्धाने माझ्याकडे बघितलं. मी त्या अर्ध्या लाडवांकडे बघितलं. गप्प बसले तर पोर सगळ्यांसमोर खोटारडी ठरत होती. बोलले तर मी. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मी विचार करत होते. काय सांगता येईल, बेदाणे विरघळतात का, काहीबाही. तेवढ्यात आगरी मावशी माझ्या कानाशी पुटपुटली, "बाय गो, लाडवाकडं काय बगतेस? पोरीचे तोंडाकडं बग."

मी बघितलं. मग पिशवीतून डबा काढला आणि म्हणाले, "ते लाडू माझे आहेत. मुग्धाचे मी काढून ठेवले." हे मी इतक्या बारीक आवाजात म्हटलं, की ओट्याजवळून वन्सं म्हणाल्या, "लाईनवर खरखर आहे. जरा मोठ्याने बोला."

"मी मुग्धाचे लाडू चोरले!" मी ओरडले. बी विंगपर्यंत ऐकू गेलं असणार.

डबा उघडला. आत लाडू नव्हतेच, कोथिंबिरीची दोन पानं पडलेला भुगा होता. मला वाटलं, आता सगळे हसतील. पण मुलांना आईने केलेली चोरी इतकी आवडली होती, की त्यांनी चमचे घेऊन डब्यावर उडीच मारली. "मला सापडला!" पहिली ओरडली ती मावशीची नात. लगेच, "मला पण!" मग तिसरा, मग चौथा. मिशांच्या मुलाला दोन सापडले. मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

"अगं, किती घातले होतेस?" मी विचारलं.

मुग्धा माझ्याकडे न बघता म्हणाली, "सगळ्यांत."

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी साडेआठला, आमच्या दारावरची बेल वाजली. आठच्या आठ जण उभे होते. मी नुकत्याच घातलेल्या पलंगपोसाचं त्यांनी दुपारपर्यंत जहाज केलं, आणि त्या दिवसापासून मुग्धाला मी खाली जा म्हणून कधी सांगितलं नाही. वर ये म्हणून मात्र दहा वर्षं घसा कोरडा केला. मिशांचा तो मुलगा हल्ली दोन मुलांचा बाप आहे. मुग्धाच्या घरी आला की अजून आधी म्हणतो, "चोर आजी कुठे आहेत?"

वन्सं जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या तळमजल्याच्या घरात एक नवं जोडपं राहतं. गुडघ्याएवढी झाडं तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला टेकलीत, आणि त्याच खिडकीशी मी एक शनिवार सोडून एक शनिवार नातीच्या मैत्रिणी जमवते. मुली पीठ सांडतात, त्यांच्या आया सूचना देतात, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. लसणाचं पातेलं तेच आहे. पण बेल वाजली की आतून "बोला!" असं काही मला अजून ओरडता येत नाही. तो आवाज माझ्याकडे नाही. कधी कधी दार उघडण्याआधी मी नुसतीच थांबते, आणि बाहेरच्यांना वाटतं, म्हातारीला ऐकू कमी येतं.

चोरीच्या त्या शनिवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी वन्संच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसले होते. समोर ताटलीत माझे आठ सुंदर अर्धे लाडू, प्रत्येकाला एकेका पोराच्या दातांची खूण. नियम नियम होता. बिघडलेलं मोठ्या माणसाने खायचं, आणि या वेळी बिघडवलंही मीच होतं. पहिला मी कसाबसा संपवला आणि विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"ताटली उचलली तेव्हाच. मी खसखस दिली कुठे होती?"

"मग बोलला का नाहीत?"

"बावीस वर्षं हेच केलं मी. ऐकू सगळं येतं, मधे बोलायचं नसतं."

मी दुसरा लाडू उचलला. वन्संनी पदराला हात पुसले, गुडघे धरत माझ्याशेजारी बसल्या, ताटली स्वतःकडे ओढली आणि म्हणाल्या, "सरक जरा. एकटीने सगळे खाल्लेस तर पोट बिघडेल. आणि काही म्हण सुमन, वळलेस मात्र एकसारखे हो."