‘फसली’ या शब्दाची नोंद

रामकिसन यांच्याकडे फोनच्या तीन वह्या आहेत. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, गाव, काम आणि ‘कुणी सांगितलं’. पहिली वही १४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू होते आणि ७ जूनला अजून दुसऱ्याच पानावर असते. एवढ्या काळात बारा फोन. नऊ ओळखीच्यांचे, दोन चुकून लागलेले. ही हकिकत बाराव्या फोनपर्यंतची आहे. सांगणे आणि वही जिथे जुळत नाहीत, तिथे वही प्रमाण मानली आहे.

रामकिसन मूळचे पिशोरचे, शेतकरी घरातले. २००७ मध्ये ते शहरात आले आणि अकरा वर्षे एका पंपाच्या दुकानात बोअरमधून मोटर काढण्याचे काम करत राहिले. शहर पुंडलिकनगर या टोकाच्या वस्तीच्याही पुढे पसरत होते. घराचा पाया भरण्याआधी प्लॉटवर बोअर पडे. २०१८ चा पाऊस दगा देऊन गेला. लोक मोटरी आणखी खोल सोडू लागले, वरून गाळ नि दगड ढासळू लागले, मोटरी अडकू लागल्या. काम भरपूर होते. पण फोन दुकानाला जात. मोटर ज्याच्या हाताने वर येई त्याचे नाव कुणाच्याही मोबाइलमध्ये नव्हते.

त्या दिवाळीत त्यांनी दुकान सोडले. तीन लोखंडी पायांची घोडी आणि चेनपुली घेतली; बन्सी आणि कडुबा हे जुने सोबती बरोबर आले. पत्नी आशाबाई यांनी एकच अट घातली होती : “मृगापर्यंत बघा. नायच जमलं, तर खोली सोडून पिशोरला.” पिशोरला परतणे म्हणजे मुलीचे, मोनिकाचे, बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष सोडणे. ही गोष्ट घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.

फेब्रुवारीच्या मध्याला वेबसाइट मोनिकाने केली. वडिलांचा आग्रह भाषेचा होता. “पाटी शुद्ध पाहिजे. साहेब लोकं वाचत्याल.” म्हणून तिने एका सरकारी सूचनेतून शब्द उचलले आणि पानाच्या माथ्यावर घातले : ‘विंधन विहिरीतील विद्युत पंप उत्थापन सेवा’. दहाव्या दिवशी रामकिसन ओरडतच घरात आले. त्यांच्या मोबाइलवर शोधले की हे पान सर्वांत वर दिसत होते. त्यांनी बन्सीला पेढाही भरवला. आशाबाईंनी स्वतःचा मोबाइल काढला, तेच शब्द टाकले आणि बोटाने पाने सरकवत राहिल्या. पान कुठेच नव्हते.

“तुमच्याच मोबाइलला तुमची वळख हाय,” त्या म्हणाल्या. “रोज धा येळा उघडून बघता. त्याला वाटलं, ह्या माणसाला दुसरं कायच आवडत नाय.”

वर होती ती जुनी, शेकडो दुकानांची यादी देणारी पाने, आणि पहिल्या पाचांत रामकिसन यांनी सोडलेले दुकान.

“काहून असं?” त्यांनी मुलीला विचारले. “काम तर मी त्याच्याहून चांगलं करतो.”

“पप्पा, स्थळ बघताना पोरगा सोता म्हणतो, मी लई चांगला. त्यावर कुणी पोरगी देतं का? चार जाणती माणसं ‘घर बरं हाय’ म्हणली पायजेत. गुगलचं तसंच. दुसऱ्या जुन्या साइटनी आपल्या पानाकडं बोट दाखवलं, तर त्याला भरवसा वाटतो. आपलं पान काल जन्मलं. त्याच्या बाजूनं बोलणारं कोण हाय?”

“मग किती दिस?”

“म्हयने लागत्यात.”

रामकिसन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता.

‘बाजूनं बोलणारं’ कुणी शोधताना मोनिकाला गल्लीतल्याच एका माणसाचे पान सापडले. हेमचंद्र हे निवृत्त लिपिक २००८ पासून आपल्या कॉलनीच्या बोअरमधील पाण्याची पातळी दर रविवारी मोजून त्या पानावर लिहीत. पान दिसायला रुक्ष होते. परंतु पाण्याचा अभ्यास करणाऱ्या अनेकांनी आपापल्या साइटवर त्याचा दुवा दिला होता. मोनिका त्यांच्याकडे गेली आणि एका ओळीची विनंती केली.

“मी ऐकीव गोष्ट लिहीत नाही,” हेमचंद्र म्हणाले. “तुझ्या वडिलांचं काम मी पाहिलेलं नाही.”

एप्रिल कोरडा गेला. वहीत त्या महिन्यातल्या दोनच नोंदी आहेत. कडुबाला मोटरी काढणाऱ्या दुसऱ्या पार्टीचे, म्हणजे टोळीचे, बोलावणे आले होते. तो मृगापर्यंत थांबतो म्हणाला.

मे महिन्यात कॉलनीच्या तिसऱ्या बोअरमध्ये मोटर अडकली. दोन पार्ट्या येऊन हात टेकून गेल्या. मग हेमचंद्र यांनी रामकिसन यांना फोन केला. रकान्यात लिहिले आहे : ‘कुणी सांगितलं – मोनिका’.

२२ मे, सकाळ. मोटर तीनशे दहा फुटांवर होती. चेन ताणली गेली आणि घोडीचा एक पाय जमिनीत बोटभर रुतला. मोटर हलली नाही.

“आता वढलं तर पाइप तुटंल,” कडुबा हळूच म्हणाला.

पाइप तुटला असता तर मोटर तळाला गेली असती, चाळीस घरांचा बोअर कायमचा गेला असता. आणि जे पाहण्यासाठी हेमचंद्र खुर्ची टाकून बसले होते, ते त्यांनी तंतोतंत लिहिले असते.

रामकिसन यांनी चेन सैल सोडली. “दोन ड्रम पाणी लागंल.”

कॉलनीत टँकर दर चौथ्या दिवशी येत असे. हेमचंद्र यांच्या पत्नी अंबिकाबाई गॅलरीतून म्हणाल्या, “ऐकलंत का? पाणी काढायला बोलावलं, तर हा माणूस पाणीच मागतोय! मोटर फसलीच आहे, आता आम्हीही फसायचं का?”

खाली लोक हसले. रामकिसन हसले नाहीत. “वहिनी, वरनं गाळ बसलाय. भिजला तर सोडंल. नाय सोडला, तर तुमचं पाणी गेलं अन् माझं नावबी गेलं. खात्री देत नाय.”

हेमचंद्र उठले. “आमच्या घरचे दोन्ही ड्रम घ्या.”

“आणि आंघोळी?” अंबिकाबाईंनी विचारले.

“रविवारी.”

पाणी ओतले. एक तास कुणी चेनला हात लावला नाही. मग चार बोटे ओढायचे, दोन बोटे सोडायचे; पुन्हा चार, पुन्हा दोन. बन्सी पाइपला कान लावून बसला होता. एकदा आत काहीतरी करकरले आणि तिघांचेही हात जागच्या जागी थांबले. पुढच्या ओढीला चेन एकाएकी हलकी झाली. तुटला की सुटला? रामकिसन यांनी पाइप दोन्ही हातांत धरून वजन अजमावले. वजन होते. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी चिखलाने माखलेली मोटर वर आली. हेमचंद्र यांनी शाबासकी देण्याआधी टेप घेऊन पाइप मोजला.

त्यांच्या पानावर ती नोंद आजही आहे : “बोअर क्र. ३. मोटर फसली (बोलीत, अर्थ : अडकली). वापरलेले पाणी ४०० लिटर. मोटर व पाइप अखंड. काम : रामकिसन, पिशोरकर.” नावाखाली वेबसाइटचा दुवा.

मोनिकाने ती नोंद दोनदा वाचली आणि म्हणाली, “पप्पा, आपली पाटी चुकली. मोटर अडकल्यावर ‘उत्थापन’ कोण शोधतं? लोकं म्हणत्यात मोटर फसली.”

“येडी का तू? फसली लिव्हलं, तर म्हणत्याल ह्योच फसवतो!”

“शुद्ध लिव्हून तीन म्हयन्यात कोण आलं?” आशाबाईंनी विचारले.

त्याच दिवशी माथा बदलला : ‘बोअरमध्ये मोटर फसली? काढून देतो.’ खाली तेच इंग्रजी अक्षरांत, लोक मोबाइलवर टाइप करतात तसे. रामकिसन यांनी त्यानंतर आठ दिवस ते पान उघडले नाही.

७ जून. मृग तोंडावर, पण पाऊस नव्हता. खोली रिकामी करून झाली होती. घोडी, चेनपुली आणि दोन पेट्या टेंपोत चढल्या होत्या. आशाबाई शेजारणीला तुळशीची कुंडी देत होत्या. साडेअकराला फोन वाजला.

“हल्लो, सिल्लोडसे बोल रहा हूँ. बोअरमें मोटर फस गई है. तुम फसी हुई निकालते ना?”

“व्हय... हौ, निकालते. नंबर किसने दिया?”

“किसने क्या? मोबाइलमें आया. फसली लिखा था, लगा दिया.”

रामकिसन यांनी फोन कानापासून दूर धरून मोनिकाकडे पाहिले. मग ड्रायव्हरला विचारले, “सिल्लोडला जाशील का?”

“सामान तर पिशोरचं हाय ना?”

“घोडी सिल्लोडला. पेट्या उतरव.”

हा फोन हेमचंद्र यांच्या दुव्यामुळे आला, बदललेल्या शब्दामुळे, की पान तोवर जवळजवळ चार महिन्यांचे झाले होते म्हणून, हे उपलब्ध पुराव्यावरून ठरवता येत नाही. मोनिका म्हणते तिन्हींमुळे. आशाबाई म्हणतात, ‘फसली’ आधी बोललेल्या अंबिकाबाईंमुळे. वहीत एवढेच आहे. तारीख ७ जून, गाव सिल्लोड, काम मोटर फसली. चौथ्या रकान्यात रामकिसन यांनी आधी काही लिहून खोडले आहे. काय, ते वाचता येत नाही. त्याच्या बाजूला, मोनिकाच्या अक्षरात : ‘कुणीच नाही’.