दिल्ली दरवाज्यापर्यंत

यंदा दिवाळीनंतर आईला दिल्ली दाखवायचीच, असं मी ठरवलं तेव्हा तिच्या गुडघ्यांपेक्षा मला बाबांची धास्ती जास्त होती. गुडघ्याला पट्टा बांधता येतो. बाबांच्या तोंडाला काय बांधणार?

भोकरदनच्या घरी ओसरीवर बसून मी मोबाईलवर एकेक ठिकाण बघत होते. लाल किल्ला म्हटलं, तर बाबा म्हणाले, "आपल्याकडं दौलताबाद हाय. त्याच्यापुढं लाल किल्ला म्हंजे कंपाउंडची भिंत."

"बरं, कुतुबमिनार."

"दौलताबादलाच चांदमिनार हाय. मिनार तो मिनार."

"येताना ताजमहाल करू."

"बीबीचा मकबरा पाह्यला न्हाई का? बराबर तसाच."

मला संतापच आला. जगात जे जे म्हणून आहे, ते या माणसाला संभाजीनगरच्या आसपास सापडतंच. आई मेथी निवडत होती, मान वर करत नव्हती. दरवर्षी बेत असाच मोडायचा. आता तिला जिना चढवत नाही. यंदा राहिलं तर कायमचं राहिलं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"इंडिया गेट," मी चिडून म्हटलं.

"गेटच पाह्यचं ना? संभाजीनगरला दिल्ली दरवाजा हाय. म्या दाखवलाय तुझ्या आईला. इचार."

दाखवला होता, हे खरं. लग्न ठरलं तेव्हा बाबांनी तिला दिल्लीला न्यायचं कबूल केलं होतं. लग्नानंतर दोघं एसटीनं संभाजीनगरला गेली, तिथं तो जुना दरवाजा दिसला, तसं त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं, "ही घे तुझी दिल्ली." पाहुणे जमले की ते हा किस्सा सांगतात आणि स्वतःच हसतात. आताही हसले.

आईनं हातातली जुडी खाली ठेवली. "त्याला दिल्ली दरवाजा कामून म्हणत्यात?"

"तिथून वाट दिल्लीला जाती म्हणून," बाबा सहज बोलून गेले.

"मंग मला दरवाज्यातच कामून उभं केलं?"

बाबांचं हसू गेलं. मला त्यांची दया आली, पण मदतीला जावंसं बिलकुल वाटलं नाही. आई पुन्हा मेथी निवडायला लागली.

मेथी निवडून होत आली, तेव्हा बाबा माझ्याकडं वळले. "जालन्याहून थेट गाडी हाय ना? तिला खालचा बर्थ बघ. अन् माझा तिच्या समोरचा."